कुलंगडी पाहिली, चित्रे राहिली!

सिल्व्हर पार्कमधील आमच्या इमारतीत भिंतीला भिंत लागून राहणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या मुलीचा हात चित्रकलेत चांगला. इंटरमिजिएट परीक्षेत तिने 'अ' श्रेणी मिळवली आणि बारावीनंतर जे. जे. मध्ये जायचे मनाशी पक्के केले. गेल्या श्रावणात एका रात्री या गृहस्थांनी मोबाइलवर 'रंगरसिया' पाहिला, आणि सकाळी सात वाजता ते माझ्या दारात हजर! म्हणाले, "सर, आता तुम्हीच तिला समजवा. चित्रकारांचा अभ्यास झाला माझा. हे आपल्यासारख्यांच्या घरातले काम नव्हे."

अभ्यास झाला! दोन तासांत! राजा रविवर्म्याला चित्रकला शिकायला जी वर्षे लागली, ती आमच्या शेजाऱ्यांनी चहा थंड होण्याच्या आत आटोपली. हसू आले, पण त्या मुलीचा दाराआड उभा असलेला चेहरा दिसला आणि हसू गेले. हा लेख त्या चेहऱ्यासाठी आहे.

प्रथम चित्रपटाला न्याय देऊ. केतन मेहता यांनी तो रणजित देसाई यांच्या 'राजा रविवर्मा' या १९८४ च्या मराठी कादंबरीवरून काढला. २००८ साली तो लंडनच्या महोत्सवात दिसला. आपल्याकडे पडद्यावर यायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. कलावंताने काय रंगवावे हे जमावाने ठरवू नये, असे तो ठणकावून सांगतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट टाळी आहे. आणि कादंबरीकाराने सुगंधा रंगवली म्हणूनही मी बोट उचलणार नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. माणसाच्या आयुष्यातल्या रिकाम्या जागा कल्पनेने भरणे हा आमचा धंदाच आहे. पण आम्ही भरलेली जागा वाचकाने सातबाराचा उतारा समजून वाचू नये, एवढे तरी आम्ही त्याला सांगावयास नको काय?

माझे भांडण आहे ते 'जीवनपट पाहिला, चित्रकार कळला' या समजुतीशी. पडद्यावर रविवर्मा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, प्रेमात पडतो, दुःखाने पोळतो. बघणारा विचारतो, "चित्रातली ती बाई कोण?" ते चित्र झाले कसे, हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. कारण झगडा कॅमेऱ्याला दिसतो. सराव दिसत नाही. एकच हात शंभर वेळा काढून शंभर वेळा पुसणाऱ्या माणसाचा चित्रपट कोण बघणार?

आणि हे काही आपल्याच देशातले खूळ नव्हे. व्हॅन गॉगचे तेच झाले. आयर्व्हिंग स्टोनने १९३४ साली त्याच्यावर कादंबरी लिहिली, १९५६ साली हॉलिवूडने तिचा चित्रपट केला. तेव्हापासून गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे, की या माणसाने आपला कान कापला. कान कापला तो डिसेंबर १८८८ मधल्या एका रात्री. त्याची चित्रकारकी चालली दहा वर्षे, आणि तेवढ्यात त्याने आठशेहून अधिक तैलचित्रे काढली. एका रात्रीचा हिशेब साऱ्या जगाला पाठ, आणि दहा वर्षांचा कुणालाच नाही!

मग रविवर्म्याचा हिशेब काय आहे? १८४८ साली किळिमानूरला जन्मलेल्या या मुलाला पहिले धडे मामाने दिले. पुढे त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार आला. त्याने शिकवायचे नाकारले. फक्त काम चालू असताना बघू दिले. तेवढ्या बघण्यावर या पोराने तैलरंग आत्मसात केले. जो विद्यार्थी नुसते बघून शिकतो, त्याच्या डोळ्यांना काय तपश्चर्या पडली असेल! मास्तर म्हणून सांगतो, मला हा प्रसंग कुठल्याही प्रेमप्रसंगाहून अधिक थरारक वाटतो.

त्याचा धाकटा भाऊ राजराजवर्मा स्वतः चित्रकार. तो थोरल्याच्या बरोबरीने राबला आणि रोजनिशी लिहीत गेला. १८९४ साली गिरगावात छापखाना निघाला. तिथे रंगागणिक निराळा दगड. एका रंगावर दुसरा रंग अचूक बसला तरच देवीचे डोळे जागेवर येणार, नाहीतर गालावर! छापखाना पुढे घाटकोपरला आणि तिथून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्ज झाले, शेवटी तो श्लायशर या जर्मन माणसाच्या हाती गेला. कलावंताची वेदनाच हवी असेल, तर ही घ्या ना! ती हिशेबाच्या वहीत आहे, एवढाच तिचा दोष.

आणि आमच्या शेजाऱ्यांना मुद्दाम सांगावे असे एक नाव आहे: मंगलाबाई. ही रविवर्म्याची धाकटी बहीण. तीही चित्रकार होती, आणि तिने आपल्या भावाचे काढलेले व्यक्तिचित्र आजही आहे. 'आपल्यासारख्यांच्या घरातले काम नव्हे' काय? दीडशे वर्षांपूर्वीच्या राजघराण्यातल्या त्या घरात मामा काढीत होता, दोघे भाऊ काढीत होते आणि बहीणही काढीत होती! 'रंगरसिया' पाहिलेल्या दहाजणांना मी विचारले. सुगंधेचे नाव दहाहीजणांनी सांगितले. मंगलाबाईचे एकानेही नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, चित्रपट पाहून निदान नाव तरी कळते." कबूल. चित्रपट हा दरवाजा असेल तर मी स्वतः तो उघडून धरीन. पण आमचे लोक उंबरठ्यावरच पाट मांडून जेवायला बसतात, त्याला काय करावे? आणि याची किंमत कोण देतो? ज्याने कधी ब्रश हाती धरला नाही तो देत नाही. ज्या पोरीच्या बोटांना रंग लागलेला आहे ती देते. तिच्या बापाला वाटते, चित्रकला म्हणजे बदनामी. आणि पोरीला वाटू लागते, आपल्या आयुष्यात असले वादळ नाही, म्हणजे आपण चित्रकारच नव्हे. दोघांनाही एकाच खोट्याने फसवले!

मी शेजाऱ्यांना त्या दिवशी उपदेश केला नाही. त्यांच्याच देवघराशी नेले. तिथे चौकटीत लक्ष्मी आहे: कमळावर उभी, चार हात, बाजूला हत्ती. म्हटले, "ही कुणाची?" म्हणाले, "कुणाची म्हणजे? देवाची." मी म्हटले, "देवी देवाची. पण घराघरातल्या भिंतीवर ती अशी उभी केली रविवर्म्याने. ज्याच्या घरातले काम आपल्याला नको, त्याच्या कामापुढे तुम्ही दर दिवाळीला हात जोडता."

ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. उत्तर अजून दिलेले नाही. मुलगी मात्र हल्ली संध्याकाळी त्याच देवघरासमोर वही घेऊन बसते आणि लक्ष्मीचा कमळ धरलेला हात काढते. पाचवा की सहावा प्रयत्न आहे. बोटे अजून जमत नाहीत.

वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजनाला कुंकू लावण्यापूर्वी क्षणभर त्या चित्राकडे चित्र म्हणून बघा. पदराची घडी कशी पडली आहे, पाण्यावर उजेड कुठून आला आहे, ते बघा. आणि सुटीत बडोद्याला गेलात, तर फत्तेसिंग संग्रहालयात मूळ चित्रांपुढे मुलांना अर्धा तास उभे करा. मग खुशाल घरी येऊन चित्रपट लावा.