वाफेचा व्यापार

कोणत्याही पेढीवर नव्या धंद्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न मालाचा असतो. माल कोठे आहे, किती आहे, त्याची प्रत कशी आहे, हे पारखल्याखेरीज मुद्दल गुंतविले जात नाही. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाने मात्र जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी अशा मालात हात घातला, जो पैसा खर्चून झाल्याशिवाय डोळ्यांना दिसतच नाही. तो माल म्हणजे जमिनीखालची वाफ. आज त्या देशाच्या एकूण विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज या वाफेपासून तयार होते. भूऔष्णिक विजेत आफ्रिका खंडातील दुसरा कोणताही देश केनियाच्या जवळपासही नाही.

आफ्रिकेचा पूर्वभाग अतिशय मंद गतीने दुभंगत आहे. त्या दुभंगातून तयार झालेली महाखचदरी केनियाच्या मध्यातून उत्तर-दक्षिण जाते. येथे भूकवच पातळ आहे आणि तप्त शिलारस पृष्ठभागाच्या बराच जवळ आलेला आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तापते आणि वरच्या घट्ट थराखाली कोंडून राहते. वज्रेश्वरी, गणेशपुरी किंवा कोकणातील उन्हवरे येथील कुंडांत हात घातलेल्यांना भूगर्भातील उष्णतेची ओळख असते. पण ती ओळख उंबरठ्यावरची. केनियात नैवाशा सरोवराच्या दक्षिणेस ओल्कारिया नावाचा प्रदेश आहे. तेथे दोन-तीन किलोमीटर खोलीवर तापमान तीनशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते. या परिसरातील अभयारण्याला ‘हेल्स गेट’, म्हणजे नरकाचे द्वार, असे नाव आहे. नावाने दचकण्याचे कारण नाही. जिराफ, झेब्रे आणि रानम्हशी तेथे निवांत चरत असतात.

उष्णता आहे हे ठाऊक असणे वेगळे आणि ती हाती लागणे वेगळे. १९५६ ते १९५८ या काळात ओल्कारियात दोन विहिरी खोदल्या गेल्या. दोन्हींतून उपयोगी पडेल अशी वाफ टिकून निघाली नाही आणि काम थांबले. पुढे १९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने नव्याने पाहणी झाली, पुन्हा विहिरी खोदल्या गेल्या, आणि १९८१ मध्ये १५ मेगावॉटचे पहिले यंत्र फिरू लागले. १९८५ पर्यंत तशी तीन यंत्रे झाली. एकूण ४५ मेगावॉट. पहिल्या विहिरीपासून पहिल्या विजेपर्यंत पंचवीस वर्षे! व्यापारी भाषेत बोलायचे तर एका पिढीने मुद्दल घातले आणि व्याजाचे तोंड दुसऱ्या पिढीने पाहिले.

त्यानंतरही प्रगती संथच राहिली. देशाची बहुतांश वीज धरणांतून येत होती, आणि ती स्वस्त होती. मग १९९९-२००० चा भीषण दुष्काळ पडला. धरणे आटली आणि दिवसाचे कित्येक तास वीज कापण्याची पाळी आली. सरकारला डिझेलवर चालणारी जनित्रे भाड्याने आणावी लागली, आणि तेलाच्या दराचा बोजा विजेच्या देयकात येऊन बसला.

त्या काळोखाची झळ जैन समाजालाही बसली असणार, हे सांगण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जामनगरच्या हालार भागातील विसा ओसवाल कुटुंबे दुष्काळाला कंटाळून समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेली. नैरोबी, मोंबासा, किसुमू, नाकुरू अशा गावांत त्यांनी दुकाने घातली, पुढे कारखाने उभारले, देरासरे बांधली. तेथील स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात आणि भारतीय दुकानदाराला एके काळी ‘दुकावाला’ म्हणत. ज्यांचे पूर्वज पाऊस न पडल्यामुळे हालार सोडून निघाले, त्यांच्याच नातवंडांच्या गिरण्या पाऊस न पडल्यामुळे केनियात थांबाव्यात, हा योगायोग विलक्षण आहे.

दुष्काळाने एक गोष्ट पटवून दिली. जमिनीखालची वाफ पावसाची वाट पाहत नाही. ती रात्री असते, उन्हाळ्यात असते आणि नदी आटली तरी असते. एकदा उभे राहिलेले केंद्र वर्षातील बहुतेक सर्व तास चालू राहते आणि त्याला इंधन विकत आणावे लागत नाही. मग अडचण कोठे होती? अडचण होती ती विहिरीत. ओल्कारियासारख्या ठिकाणी एक खोल विहीर खोदण्यास पन्नास-साठ लाख डॉलर लागतात. ती चांगली निघाली तर सुमारे पाच मेगावॉटपुरती वाफ देते. निघाली नाही तर सारा पैसा बुडीत खात्यात जातो. ओल्कारियाच्या शेजारीच एका खासगी प्रकल्पाने खोदलेल्या पहिल्या विहिरींनी पुरेशी वाफ दिली नाही. विहिरी खोदून वाफ सिद्ध होईपर्यंत बँक कर्ज देत नाही, आणि कर्जाशिवाय विहिरी खोदणे कोणाला परवडत नाही. या पेचात शेजारचे देश आजही अडकलेले आहेत. इथिओपियाने १९९८ मध्ये आलुतो-लांगानो येथे सात मेगावॉटचे छोटे केंद्र उभारले. पण ते नीट चालविण्याची व्यवस्था नसल्याने थोड्याच काळात ते बंद पडले.

केनियाने हा पेच ज्या रीतीने सोडविला, ती रीत प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेण्याजोगी आहे. २००८ मध्ये सरकारने भूऔष्णिक विकास कंपनी नावाची स्वतंत्र संस्था काढली आणि जोखीम दोन भागांत तोडली. विहीर खोदण्याची, म्हणजे आंधळी जोखीम, सरकारी संस्थेने घ्यायची. वाफ सिद्ध झाली की ती वीजकेंद्र उभारणाऱ्याला दराने विकायची. केंद्र उभारणे हा मोजता येणारा धंदा आहे. त्यात यंत्राची किंमत ठरलेली असते, विजेचा दर करारात लिहिलेला असतो, आणि सावकार अशा ठिकाणी आनंदाने येतो. जे नुकसान एका घराला बुडवू शकते ते संपूर्ण देशावर पसरले तर सोसण्याजोगे होते. समाजाच्या फंडातून होतकरू तरुणाला पहिले भांडवल देण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यामागचा हिशेब याहून निराळा नाही.

ओल्कारियाचा विस्तार सरकारी वीजनिर्मिती कंपनी केनजेन हिने केला. २०१४-१५ च्या सुमारास तेथे एकदम २८० मेगावॉटची भर पडली, २०१९ मध्ये पाचवे केंद्र आले. ऑरमॅट ही खासगी कंपनीही २००० पासून तेथे वीज तयार करते. केनजेनची एक युक्ती विशेष ध्यानात घेण्यासारखी. विहीर सिद्ध झाल्यापासून मोठे केंद्र उभे राहीपर्यंत कित्येक वर्षे जातात आणि तोवर भांडवल निजून राहते. म्हणून विहिरीच्या तोंडाशीच लहान जनित्रे बसवून वीज विकण्यास आरंभ केला गेला. दुकानाची इमारत पुरी होईपर्यंत ओट्यावर माल मांडून बसावे, तसा हा प्रकार.

सारेच मात्र ठरल्याप्रमाणे झाले नाही. नाकुरू शहराच्या डोक्यावर मेनेंगाई नावाचा ज्वालामुखी आहे. तेथे नव्या संस्थेने २०११ मध्ये खोदकाम सुरू केले आणि प्रत्येकी ३५ मेगावॉटची तीन केंद्रे तीन खासगी कंपन्यांना दिली. वाफ तयार झाली. पण कर्जाच्या अटी, सरकारची हमी आणि कागदपत्रे यांत वर्षे गेली, आणि त्यांतील पहिले केंद्र २०२३ मध्ये सुरू झाले. आंधळी जोखीम सरकारने उचलली तरी वीज विकत घेणारी सरकारी कंपनी वेळेवर पैसे देईल का, ही दुसरी जोखीम सावकाराच्या मनात होतीच. उधारीवर माल देणाऱ्याला ही शंका समजावून सांगावी लागत नाही. शिवाय वाफ हा साठविता न येणारा माल. मध्यरात्री गिऱ्हाईक झोपले की मागणी घसरते, आणि काही वेळा मोठ्या खर्चाने मिळविलेली वाफ तशीच आकाशात सोडून द्यावी लागते.

आता श्रावकाच्या दृष्टीने जो प्रश्न उरतो तो नफ्याचा नव्हे. भोगोपभोग परिमाण व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांत भट्ट्या-कोळशाचे अंगारकर्म आहे, झाडे तोडण्याचे वनकर्म आहे, सरोवरे-तलाव आटविण्याचा सरःशोष आहे, आणि भूमी फोडण्याचे स्फोटककर्मही आहे. तीन किलोमीटर खोल विहीर खोदणे हे उघडच स्फोटककर्म होय. या विजेला धूर नाही म्हणून ती निष्पाप आहे, असे जे काही उत्साही मंडळी सांगतात, ते शास्त्राला धरून नाही. पृथ्वीकाय, अप्‌काय आणि तेउकाय अशा तिन्ही जीवांची विराधना येथे होते. खोदकामाला पाणी लागते आणि ते नैवाशा सरोवरातून येते. वाफेबरोबर दुर्गंधी वायूही वर येतो.

परंतु दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही मांडले पाहिजे. वीज नको असे कोणताही देश म्हणणार नाही. दुष्काळात धरण आटले की तिची जागा डिझेल घेते, आणि ते अखंड अंगारकर्मच आहे. म्हणून प्रश्न हिंसा आणि अहिंसा यांतील निवडीचा राहत नाही, तर जयणेचा राहतो. जे करणे भाग आहे ते किती कमी विराधनेने करता येईल, याचा. या कसोटीवर ओल्कारियातील काही गोष्टी खरोखर जमेस धराव्या लागतात. एकाच ठिकाणाहून तिरप्या दिशांनी अनेक विहिरी खोदल्या की वरची जमीन कमी फुटते. वाफ वेगळी केल्यावर उरलेले गरम पाणी उघड्यावर न सोडता दुसऱ्या विहिरीने पुन्हा भूगर्भात घातले जाते. त्यामुळे साठा टिकतो आणि ओढे-नाले बिघडत नाहीत. ऑरमॅटची केंद्रे पाण्याऐवजी हवेने थंड होतात. अभयारण्यातून जाणारे वाफेचे नळ ठिकठिकाणी कमानीसारखे उंच उचललेले आहेत, जिराफांना खालून जाता यावे म्हणून. शेजारच्या ओसेरियन या फुलांच्या मळ्याने एका विहिरीची उष्णता घेऊन आपली हरितगृहे उबदार ठेवली, आणि मेनेंगाईजवळ त्याच उष्णतेवर दूध तापवून निर्जंतुक करण्याचे प्रयोग झाले. एकदा भूमी फोडलीच आहे, तर तिचा कणही वाया जाऊ नये, हा विचार जैन घराच्या स्वयंपाकघराला परका वाटणार नाही.

जिराफासाठी नळ उचलले गेले. माणसांच्या बाबतीत मात्र इतकी काळजी घेतली गेली नाही. ओल्कारियाची भूमी मसाई पशुपालकांची. २०१४ मध्ये चौथ्या केंद्रासाठी त्यांच्या चार वस्त्यांतील दीडशेच्या आसपास कुटुंबांना नव्या जागी हलविण्यात आले. त्यांना पक्की घरे, शाळा आणि दवाखाना मिळाला, हे खरे. पण नवी जमीन घळींनी फाटलेली होती, काही कुटुंबे यादीतून सुटली, जमिनीची मालकी नावावर होण्यास विलंब झाला, आणि पर्यटकांकडून मिळणारे उत्पन्न दुरावले. लोकांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे आणि युरोपीय गुंतवणूक बँकेकडे तक्रार नेली. मंडळाच्या चौकशीत उणिवा आढळल्या. त्यांतील एक अशी की, महत्त्वाच्या बोलण्यांत लोकांच्या स्वतःच्या माआ भाषेचा पुरेसा वापरच झाला नव्हता. करार ज्याच्याशी करायचा त्याला तो त्याच्या भाषेत समजावून न सांगणे, याला जुन्या पेढीवर लबाडी म्हटले गेले असते. पुढे मध्यस्थीने समझोता झाला आणि काही उणिवा भरून काढण्याचे ठरले. श्रावकाच्या गुणांत न्यायसंपन्न विभव हा पहिला गणला जातो. त्याचा अर्थ विजेच्या दरात सापडत नाही. तो त्या घळींच्या जमिनीवर शोधावा लागतो.

दरम्यान ओल्कारियातील १९८१ ते १९८५ ची तीन जुनी यंत्रे चार दशके राबून थकली. ती काढून त्यांच्या जागी नवी बसविण्याचे काम केनजेनने हाती घेतले आहे. त्याच क्षेत्रातील वाफेवर पूर्वीच्या ४५ ऐवजी सुमारे ६३ मेगावॉट वीज मिळावी, अशी योजना आहे.