'यंदा वसंत उबदार' ही बातमी चांगली की वाईट? बेरिंग समुद्रावरच्या मच्छीमारांना विचारा



मार्च लागला की आपल्याकडे उकाड्याचं बोलणं सुरू होतं. नेमकं त्याच वेळी अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावातले मच्छीमार गोठलेल्या समुद्रावर उभे राहून कुर्ल्या पकडत असतात. खोटं नाही सांगत. बर्फाला भोक पाडायचं, त्यातून पिंजरा खाली सोडायचा, स्नोमोबाईलवर बसून घरी यायचं आणि पुन्हा जाऊन पिंजरा उचलायचा. होडी नाही, जेटी नाही. किनाऱ्याला घट्ट चिकटलेलं बर्फ हाच त्यांचा धक्का आणि हाच त्यांचा रस्ता.

आर्क्टिक वर्तुळाच्या थोडा खाली असलेला हा उपध्रुवीय किनारा आहे. मार्च-एप्रिलला तिथं वसंत म्हणायचं ते पंचांगापुरतं. उलट बेरिंग समुद्रावरचं बर्फ वर्षातलं सगळ्यात जास्त पसरतं ते मार्चच्याच सुमारास. अशा ठिकाणी हवामानाच्या अंदाजात 'यंदाचा वसंत सरासरीपेक्षा उबदार' असं आलं, तर तिथल्या मच्छीमाराने आनंदाने उडी मारायची की डोक्याला हात लावायचा? माझं मत आधीच सांगतो. अंदाज खोटा नसतो, पण तो मच्छीमाराच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. हे दुखणं तिथलं आहे तसं आपलंही आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी अंदाज कसा असतो ते बघू. अमेरिकेचं क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढच्या तीन महिन्यांचा नकाशा काढतं. त्यात तीन खाने असतात : सरासरीपेक्षा उष्ण, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा थंड. काहीच सांगता येत नसेल तर तिन्हींची शक्यता सारखी, म्हणजे प्रत्येकी ३३ टक्के. आता 'उष्ण असण्याची शक्यता ५० टक्के' असं लिहून आलं, तर त्यातच हेही आलं की तसं न होण्याची शक्यताही ५० टक्के आहे. शिवाय हा हिशेब तीन महिन्यांच्या सरासरीचा. मधल्या एखाद्या आठवड्यात वादळ होईल का, वारा किनाऱ्याकडून सुटेल का, हे त्यात नसतं. लोक मात्र नकाशावरचा तांबडा रंग बघतात आणि 'यंदा बरं आहे' म्हणून मोकळे होतात.

नोमच्या मच्छीमाराला हवेचं तापमान हवंय कशाला? त्याला विचारायचं असतं की बर्फ किती जाड धरेल, किनाऱ्याला किती दिवस चिकटून राहील आणि वारा कुठून येईल. कारण जमिनीकडून जोराचा वारा सुटला आणि बर्फ पातळ असलं, तर अख्खा तुकडा तुटून समुद्रात निघतो. त्यावरचे पिंजरे गेले, आणि माणूस वर असेल तर त्याच्याही जिवावर बेतलं. दक्षिणेचा वारा दिवसच्या दिवस वाहत राहिला तर तो ऊबही आणतो आणि बर्फ उत्तरेला ढकलूनही देतो. २०१८ च्या हिवाळ्यात बरंचसं असंच झालं. बेरिंग समुद्रावर तेव्हा जेवढं थोडं बर्फ धरलं, तेवढं थोडं १८५० पासूनच्या नोंदींत कधीच नव्हतं. २०१९ लाही बर्फाची गत वाईटच होती.

आणि इथं दुसरी गोष्ट सुरू होते, जी हवेच्या नकाशावर कधीच दिसत नाही. हिवाळ्यात बर्फ धरतं तेव्हा थंड, खारं पाणी तळाशी बसतं आणि उन्हाळाभर तिथंच राहतं. दोन अंश सेल्सिअसच्या खालच्या या थराला शास्त्रज्ञ 'कोल्ड पूल' म्हणतात. स्नो क्रॅब नावाच्या खेकड्याची पिल्लं याच गारठ्यात वाढतात. त्यांना खाणारा कॉड मासा इतक्या थंड पाण्यात सहसा शिरत नाही, म्हणजे थंडीच त्यांची राखणदार. २०१८ ला बर्फच नाही, तर तळाला थंड पाणी कुठून येणार? तो थर जवळजवळ नाहीसाच झाला.

पुढे काय झालं ते खेकड्याच्या धंद्यातल्या माणसाने नीट वाचावं. पाणी शून्यावरून तीन अंशांवर गेलं की या खेकड्याची भूक जवळजवळ दुप्पट होते. त्या वर्षांत खेकडे होतेही भरपूर, आणि दाटीवाटीने एकाच भागात होते. तोंडं जास्त, भूक जास्त, खाणं तेवढंच. २०२० ला कोविडमुळे समुद्रातली सरकारी पाहणीच झाली नाही. २०२१ ला पाहणीची जाळी टाकली तेव्हा खेकड्यांचा पत्ता नव्हता. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आकडा दिलाय : २०१८ ते २०२१ या काळात एक हजार कोटींहून जास्त खेकडे गेले, आणि मुख्य कारण उपासमार.

धंद्याचं गणित बघा. २०२०-२१ च्या हंगामात सुमारे २० हजार टन खेकडा पकडायची परवानगी होती. पुढच्याच हंगामात ती अडीच हजार टनांवर आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये हंगामच रद्द झाला, स्नो क्रॅबच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. त्याच्या पुढचं वर्षही बंद. २०२४ च्या ऑक्टोबरात मासेमारी पुन्हा उघडली ती जेमतेम दोन हजार टनांवर. मधल्या दोन वर्षांत बोटीचे हप्ते थांबले असतील का? खलाशाच्या घरची चूल थांबली असेल का? आपल्याला हे कोणी समजावून सांगायला नको.

मग 'थंडी चांगली, ऊब वाईट' असं म्हणायचं का? तेही नाही. थंडीतही माणसं जातात. ११ फेब्रुवारी २०१७ ला 'डेस्टिनेशन' नावाची खेकडे पकडणारी बोट बेरिंग समुद्रात सेंट जॉर्ज बेटाजवळ सहा जणांसकट बुडाली. कडाक्याच्या थंडीत लाटांचे तुषार बोटीवर आणि पिंजऱ्यांवर पडल्या पडल्या गोठतात, बोट वरच्या बाजूने जड होत जाते आणि एका क्षणी कलंडते. चौकशीत या बुडण्यामागे साचलेलं बर्फ आणि पिंजऱ्यांचा भार ही कारणं पुढे आली. म्हणजे एकाच समुद्रात किनाऱ्यावरच्या पिंजरेवाल्याला थंडी हवी, खोल पाण्यातल्या बोटवाल्याला तीच थंडी काळ वाटावी. 'सरासरीपेक्षा उष्ण' किंवा 'सरासरीपेक्षा थंड' या दोन शब्दांत हे दोघं कसे मावणार?

काही जण म्हणतील, तीन महिने आधी वादळ कोण सांगू शकतो? बरोबर आहे. अमुक तारखेला अमुक वारा, हे कोणीच सांगू शकत नाही आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. पण समुद्राचं तसं नसतं. पाणी हळू तापतं, हळू निवतं. मार्चअखेर बर्फ किती आहे हे कळलं की उन्हाळ्यात तळाचं पाणी किती थंड राहील याचा चांगला अदमास बांधता येतो. तेवढ्याने खेकडे वाचले असते असा माझा दावा नाही. पण धंद्यातल्या माणसाला कर्ज काढायचं की थांबायचं, हे ठरवायला तेवढा अदमासही मोठा असतो.

आणि असा कामाचा अंदाज देता येतो, याचं उदाहरण त्याच किनाऱ्यावर आहे. २०१० पासून तिथं वॉलरसच्या शिकाऱ्यांसाठी वसंतात दर आठवड्याला बर्फाचा वेगळा अंदाज निघतो. सेंट लॉरेन्स बेटावरच्या गॅम्बेल, सावूंगासारख्या गावांचं पोट या शिकारीवर आहे. २०१३ ला वारा आणि बर्फाने साथ दिली नाही, शिकार फार कमी झाली, तेव्हा सरकारला तिथं आर्थिक आपत्ती जाहीर करावी लागली होती. या अंदाजात हवामान खात्याचे लोक वारा-बर्फ सांगतात आणि गावातले जाणते शिकारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं कळवतात : आज बर्फ असं आहे, फट इकडे पडली आहे, पाणी तिकडे उघडं आहे. जवळच्याच वेल्स गावातल्या इन्युपियाक लोकांच्या समुद्री बर्फासाठीच्या शंभराहून जास्त शब्दांचा कोशही २०१२ मध्ये निघाला. ज्यांच्याकडे बर्फाला इतके शब्द आहेत, त्यांना उपग्रहाचा एक रंगीत नकाशा किती पुरणार?

आता आपल्या दारात येऊ. एप्रिलमध्ये आपल्या हवामान विभागाचा मान्सूनचा पहिला अंदाज येतो. सरासरी ८७ सेंटीमीटर धरायची, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे 'सामान्य'. शेतकऱ्याला, धरणवाल्याला हे हवंच. पण ३१ जुलैला बंदी संपल्यावर ऑगस्टात दर्या किती दिवस होडी बाहेर काढू देईल, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. यंदा पाणी किती तापलेलं असेल, हेही नसतं. तारल्यांचं येणं-जाणं एल निनोशी जोडणारं संशोधन आपल्याच कोचीच्या केंद्रीय संस्थेने केलंय, म्हणजे हा प्रश्न काही हवेतला नाही. हैदराबादची इन्कॉइस लाटांचा आणि मासळीच्या जागांचा अंदाज देते, तो कामाचा आहे, आपल्यातले कितीतरी जण तो बघूनच निघतात. पण तो काही दिवसांपुरता. हंगामाच्या अंदाजात समुद्राचं पान कोरंच राहतं.

ते पान आपण मागायला हवं, आणि मागताना आपल्या हातातही काहीतरी हवं. रापण ओढणाऱ्याला पाण्याचा रंग कळतो, तांडेलाला वारा कधी फिरला ते आठवतं, पण लिहून कोण ठेवतं? संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवू या. तारीख, वारा, पाणी कसं होतं, काय मिळालं, काय मिळालं नाही. रोज चार ओळी. पाच वर्षांनी आपण मागणी घेऊन जाऊ तेव्हा ही वही टेबलावर ठेवता येईल.

पहिली नोंद कोण करतंय? खाली लिहा. आणि यंदा मार्चमध्ये पाण्यात काही वेगळं दिसलं असेल तर तेही सांगा, क्षुल्लक वाटलं तरी.