जिताड्याचे फोटो वाढले, जिताडा कुठे गेला?

कल्याण ग्रामीण : पाऊस लागून नदी गढूळ झाली की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. एक, भातलावणीला माणसं मिळत नाहीत. दोन, व्हॉट्सअपवर मोठ्या माशाचा फोटो फिरायला लागतो. "कल्याण खाडीत गळाला लागला २२ किलोचा जिताडा, पुढे पाठवा." यंदाही आला. नीट बघितला तर मागे बोट आहे आणि बोटीवरचा नंबर भलत्याच लिपीत. गंमत म्हणजे हाच फोटो तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ग्रुपवर आला होता, तेव्हा तो मासा रायते पुलाखाली सापडला होता!

फोटो खोटा, पण तो बघून जीव खालीवर होतो तो खरा. रविवारी सकाळी गांधारी पुलावर, दुर्गाडीला, डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरवर किंवा ठाण्याच्या बाजूला कोलशेत, गायमुखला जा. दहा-बारा जण तरी गळ टाकून बसलेले दिसतील. कोणी रिक्षावाला, कोणी बँकेतला, कोणी शाळेतली पोरं. काहींच्या हातात ऑनलाइन मागवलेली दोन-तीन हजारांची काठी, काहींच्या हातात बाटलीला गुंडाळलेली नायलॉनची दोरी. संध्याकाळी पिशवीत काय असतं? चिलापी, शिंगटी, नशीब असेल तर एखादी बोय. पण विचारा, "कशासाठी बसलात?" तर उत्तर एकच, जिताडा.

मीही बसतो, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं याच पाण्याच्या काठावर गेली, हाताच्या कोपरापेक्षा मोठा जिताडा माझ्या गळाला एकदाच लागला आणि तोही काठावर आणताना दोर तोडून गेला. माझे काका सांगायचे, त्यांच्या तरुणपणी गणपतीच्या आसपास भरतीला पाग टाकला की एखादा तरी यायचाच. म्हाताऱ्यांच्या गोष्टीत मासा दरवर्षी किलोभर वाढतो, हे धरूनही फरक मोठा आहे.

हा मासा एवढा दुर्मिळ का झाला, हे समजायचं तर त्याचा जन्मक्रम बघावा लागतो. जिताड्याला कुठे खजुराही म्हणतात. तो खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यात राहतो. अंडी मात्र खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यातच घालतो. पावसाळ्यात पिल्लं भरतीबरोबर खाडीत, कांदळवनात, खाजणात शिरतात आणि तिथून नदीत वर चढतात. तिकडे वाढतात आणि वयात आली की अंडी घालायला पुन्हा खाली उतरतात. म्हणजे याला समुद्र, खाडी, नदी तिन्ही लागतात, आणि तिघांमधला रस्ताही मोकळा लागतो.

दुसरी गोष्ट ऐकून आमच्या गावातले जुने खाडीवाले पण हसले होते. जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो आणि पुढे सहा-आठ वर्षांचा, साधारण तीन फुटांचा झाला की त्याची मादी होते. म्हणजे फोटोत खांद्यावर टाकलेला तो वीस किलोचा मासा जवळपास नक्कीच मादी असतो आणि एका वेळी लाखोंनी अंडी घालणारी मादी. गावात शंभर गोऱ्हे ठेवून सगळ्या गाई विकल्या तर पुढच्या वर्षी गोठ्यात काय असेल? मोठ्या जिताड्याच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

ऑस्ट्रेलियात याच माशाला बॅरामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान पकडायचा नाही, तसाच १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही, परत सोडायचा. लहानाला का सोडायचं ते कोणालाही कळतं. मोठ्याला सोडायचं कारण ती मादी. त्याच देशाच्या नॉर्दर्न टेरिटरी भागात २०१५ पासून माशांना खुणेची चिठ्ठी लावून पाण्यात सोडतात. तो मासा सापडला तर बक्षीस, एका विशिष्ट चिठ्ठीला दहा लाख डॉलर. लोक लांबून गळ घेऊन येतात, राहतात, खातात, पैसा तिथल्या गावात जातो. आपल्याकडे राज्य सरकारने २०२३ मध्ये समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, ते चांगलं झालं. पण तीही किमानच. मोठ्या मादीचं काय, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

रस्ता कुठे अडला

आता पाण्याकडे येऊ. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगवते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला येते. उन्हाळ्यातही तिला पाणी असतं ते मुख्यतः भिवपुरीच्या वीजघरामुळे. टाटांचं ते वीजघर १९२२ पासून चालू आहे, वीज करून सोडलेलं पाणी नदीत येतं. त्याच पाण्यावर बदलापूरचं बॅरेज, जांभूळ आणि मोहनेचा बंधारा उभे आहेत आणि कल्याण-डोंबिवलीसह आजूबाजूच्या शहरांच्या टाक्या भरतात. बंधारे नसते तर नळाला पाणी नसतं, त्यामुळे बंधारे पाडा असं कोणी म्हणणार नाही. पण पहिला बंधारा ओलांडायला माशाला मोठा पूर लागतो. पूर आला तर तो वर जातो, नाही तर भिंतीला तोंड घासत खालीच थांबतो. आणि तिथे थांबलेला मासा म्हणजे आयतं ताट. पहिल्या पावसात बंधाऱ्यांखाली जाळी, गोणपाट, मच्छरदाण्या घेऊन किती गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्या देशांत बंधाऱ्याच्या कडेला माशांसाठी पायऱ्या बांधतात. आपल्याकडे बंधाऱ्याची दुरुस्ती निघते तेव्हा हा विषय कागदावर येतच नाही.

बंधाऱ्याच्या खाली तर वेगळीच कहाणी. अंबरनाथ, उल्हासनगरची घाण घेऊन वालधुनी कल्याणला खाडीत उतरते. डोंबिवलीच्या कारखान्यांचं सांडपाणी आहेच. डोंबिवलीत २०१४ ला हिरवा पाऊस आणि २०२० ला गुलाबी रस्ता लोकांनी बघितला, टीव्हीवर आला. खाडीचा रंग रोज बदलतो, तिथे कॅमेरा येत नाही. वर्षानुवर्षं सक्शन पंपांनी रेती उपसली, काठ ढासळले, भराव टाकून खाजणं बुजली. पिल्लांनी वाढायची जागाच ती होती. ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला ती रामसर यादीत गेली. उत्तरेकडे कल्याण-भिवंडी अंगाला मात्र तसं काही नाही.

गळवाल्यांना सगळा दोष देऊन चालणार नाही, ते यासाठीच सांगितलं. पुलावर बसलेला माणूस दिवसाला दोन-चार मासे काढतो. खरं नुकसान करतो तो डोहात ब्लिचिंग पावडर टाकणारा आणि सुरुंग उडवणारा. हा गुन्हा आहे, आजचा नाही, १८९७ च्या कायद्यापासून. उन्हाळ्यात काळू, भातसा, मुरबाडी नदीच्या डोहांत असं घडलं की दुसऱ्या दिवशी पांढरी पोटं वर येतात. सगळ्यात मोठा फटका कातकरी कुटुंबांना, कारण लावणीआधीचे दोन महिने त्यांचं कालवण त्याच डोहातून येतं.

डोंगराकडचा देवमासा

खाडीवाल्याचं स्वप्न जिताडा, तसं डोंगराकडच्या माणसाचं स्वप्न खडस. इंग्रजीत महसीर. इंग्रज अधिकारी साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेवरून याची शास्त्रात नोंद केली आणि नाव दिलं 'खुदरी', आपल्याच बोलीतल्या नावावरून. मोठे खवले, सोनेरी अंग, गळाला लागला की अर्धा तास दमवणार. याच घराण्यातला १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोचा मासा १९४६ मध्ये म्हैसूरजवळ कबिनी नदीत गळाने पकडला गेला. गळवाले अजून तोच आकडा सांगतात.

आपल्या नद्यांत खडस आता बघायचा असेल तर देवळाजवळ जावं लागतं. वाडा तालुक्यात वैतरणेवर टिळसेश्वराचा डोह आहे, २०१४ पर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथे लोक माशांना चणे-कुरमुरे घालतात, पकडत कोणी नाही. कोणी नाकात नथ असलेल्या माशाची गोष्ट सांगतं. नथ असो नसो, जिथे पिढ्यान्‌पिढ्या गावाने डोह राखला तिथे मासा राहिला. वनखात्याचा एक शिपाई नसताना.

मग कोणी म्हणेल, पिल्लं आणून सोडा, झालं. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खडसाची पिल्लं तयार होतात, काम मोठं आहे. पण ही पिल्लं दूर कावेरीत सोडली गेली आणि तिथला स्वतःचा कुबडाचा महसीर आता नष्ट होण्याच्या काठावर आहे. बाहेरून सोडलेल्या माशाने त्याची जागा घेतली, हे त्यामागचं एक कारण असल्याचं अभ्यासक सांगतात. आमच्या नदीत चिलापीने काय केलं ते आम्ही बघतोच. म्हणून फोटो काढून पिल्लं सोडायच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवायच्या आधी, कुठलं पिल्लू कुठल्या नदीत चाललंय ते विचारावं.

पैशाचा विषय आला की सगळे घोळ माशाचं उदाहरण देतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पावसाळी बंदी उठल्यावर पालघरच्या मुरबे गावच्या बोटीला एका फेरीत १५७ घोळ लागले, १ कोटी ३३ लाखांना गेले. घोळीच्या पोटातल्या बोताला परदेशात मागणी, म्हणून हा भाव. बातमी देशभर गेली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या किती बोटी त्याच आशेने डिझेल जाळून रिकाम्या परत आल्या, त्याची बातमी झाली नाही. लॉटरी लागलेल्याचा फोटो छापतात, तिकीट फाडलेल्यांचा नाही.

आमच्या ग्रुपवर सध्या एक साधी गोष्ट सुरू केली आहे. जिताडा लागला तर पट्टी लावून फोटो, जागा आणि तारीख. वजन कोणी विचारत नाही, कारण वजनावर भांडणं होतात. जून लागल्यापासून सात नोंदी आल्या. सगळ्यात मोठा १९ इंच, म्हणजे अजून नर होण्याच्याही वयात नसेल. पाच जणांनी सोडले म्हणून सांगितलं, दोघांनी खाल्ले आणि तेही खरं सांगितलं. एका डोंबिवलीच्या मुलाने विचारलं, "काका, तीन फुटांचा लागला तर खरंच सोडायचा का?" मी टाइप केलं, "सोड." मग बराच वेळ विचार करत बसलो, माझ्याच्याने ते होईल का.