पोंऽऽ, पों, पों!

काय दोस्तांनो, वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत कधी बसलाय का? किंवा मार्वे जेट्टीवरून मनोरीला, नाहीतर बोरिवलीच्या बाजूने गोराईला? पाच-दहा मिनिटांचाच प्रवास, पण गंमत केवढी! आणि त्यात बोटीचा भोंगा वाजला, की निम्मी मुलं कानात बोटं घालतात आणि उरलेली निम्मी ओरडतात, "काका, अजून एकदा!"

आज या "अजून एकदा"बद्दलच बोलू या. कारण बोटीचा भोंगा रिक्षाच्या हॉर्नसारखा नुसतं "सरक बाजूला" म्हणत नाही. त्याला चक्क भाषा आहे, आणि ती जगभर एकच आहे. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९७७ पासून ते लागू झाले. त्यांत आखूड आवाज म्हणजे साधारण एक सेकंदाचा आणि लांब आवाज म्हणजे चार ते सहा सेकंदांचा. समोरासमोर दिसणाऱ्या बोटींपैकी एकीने एक आखूड "पों" केलं, तर अर्थ "मी उजवीकडे वळतेय". दोन आखूड म्हणजे "डावीकडे". तीन आखूड म्हणजे "माझं इंजिन उलटं फिरतंय". नीट वाचा हं, "मी मागे जातेय" असं नाही! बोटीला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवलं तरी जुना वेग मोडेपर्यंत ती पुढेच सरकत राहते. आणि भराभर पाच आखूड म्हणजे काय, माहीत आहे? "अरे बाबा, तुझा विचार काय आहे? मला काही कळत नाहीये!" धुकं असेल किंवा पावसाने समोरचं दिसत नसेल, तर चालत्या इंजिनाच्या बोटीने निदान दर दोन मिनिटांनी एक लांब "पोंऽऽ" करायचा.

आता सांगा, तुमच्या हट्टापायी तांडेलकाकांनी गंमत म्हणून दोनदा भोंगा वाजवला, तर समोरून मासळी घेऊन येणाऱ्या होडीने काय समजायचं?

थोडं गणितही करू. समजा, दोन बोटी समोरासमोर येतायत आणि दोघींचा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर आहे. त्यांच्यातलं अंतर सेकंदाला १० मीटरने कमी होणार. २० मीटरपेक्षा लहान बोटीचा नियमाप्रमाणे बसवलेला भोंगा साधारण ९०० मीटरवर ऐकू जावा अशी अपेक्षा असते. आवाज तिथे तीन सेकंदांच्या आत पोचतो. म्हणजे दुसऱ्या तांडेलाला सावरायला जवळजवळ दीड मिनिट मिळतं. पण तो तांडेल स्वतःच्याच धडधडणाऱ्या इंजिनाशेजारी उभा असतो, वारा उलटा असतो. भोंगा मरतुकडा असला, तर दीड मिनिटाचं अर्धं मिनिटही उरत नाही.

म्हणून भोंगा नीट बसवणं हे मोठं काम आहे. आधी तो वाजतो कसा ते बघू. कर्ण्याच्या मागे एका चपट्या डबीत धातूचा पातळ पडदा असतो. तो नळीच्या तोंडावर घट्ट दाबून बसलेला असतो. दाबलेली हवा डबीत शिरली की पडदा उचलला जातो, हवा नळीत निसटते, दाब कमी होतो, पडदा फटकन पुन्हा बसतो. हे एका सेकंदात शेकडो वेळा! कर्णा लांब असेल तर आवाज घोगरा, आखूड असेल तर तीव्र. नियमातही मोठ्या जहाजाला खालचा स्वर आणि लहान बोटीला वरचा स्वर ठरवून दिलाय, म्हणजे धुक्यात न दिसताही समोरचं धूड केवढं आहे याचा अंदाज येतो. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री मुंबई बंदरातली जहाजं भोंगे वाजवून नव्या वर्षाचं स्वागत करतात. कधी ऐकायला मिळालं, तर आवाजावरून जहाजं ओळखून पाहा.

सहलीच्या बोटीवर नवा भोंगा लावायचा झाला, की पहिला मोह होतो तो लॉरीचा चकाकता, तीन कर्ण्यांचा भोंगा आणण्याचा. मला विचाराल तर तो नकोच. खाऱ्या हवेत त्याची चकाकी सोलवटते आणि गंज चढतो. बोटीला पितळेचा किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा हवा. जागा शक्य तितकी उंच, तोंड सरळ पुढे, मध्ये केबिनची भिंत नको. नियमात "उंच" म्हटलंय त्याला दोन कारणं आहेत : आवाज अडू नये आणि बोटीवरच्याच माणसांचे कान बिघडू नयेत. कर्णा किंचित खाली झुकवायचा, म्हणजे पावसाचं आणि लाटांचं पाणी आत साचत नाही.

हवा दाबणारा छोटा कॉम्प्रेसर मात्र कोरड्या जागी हवा, भोंग्याच्या जवळ, कारण रबरी नळी लांबली की दाब यायला उशीर होतो. आणि सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वायरीत! बारा व्होल्टचा असा कॉम्प्रेसर १५-२० अँपिअर वीज सहज ओढतो. जुन्या भोंग्याची बारीक वायर तशीच ठेवली, तर भोंगा नवा आणि आवाज सर्दी झाल्यासारखा. शिवाय वायर तापते ती वेगळीच. म्हणून जाड वायर, फ्यूज आणि रिले लागतो. रिले म्हणजे बटणाच्या हलक्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू करणारा नोकर. बॅटरीच दगा देईल म्हणून तोंडाने वाजवायची एक साधी शिट्टीही हाताशी असावी.

करून पाहायचंय? गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची डबी घ्या. (कॅमेऱ्याच्या रोलची मिळाली तर फारच छान, पण आता ती कुठली मिळायला!) मोठ्यांकडून तळाला एक आणि बाजूला एक भोक पाडून घ्या. तळाच्या भोकातून जाड कागदाची घट्ट गुंडाळलेली नळी घाला आणि बाजूच्या भोकात स्ट्रॉ. फटी प्लॅस्टिसीनने बुजवा. डबीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधा आणि नळीचं आतलं टोक त्या रबराला जेमतेम टेकेल इतकं वर सरकवा. आता स्ट्रॉमधून फुंका. वाजलं नाही, तर नळी केसभर वर-खाली करा. वाजलं, की मग नळी दुप्पट लांबीची करून बघा.

मात्र दुपारी आजी झोपल्यावर नको हं!