डाकिणीचे पाप कोणाचे?

अक्कलकुवा तालुक्यातील डाब हे याहामोगी मातेचे मूळस्थान मानले जाते. सातपुड्यातील आदिवासी समाज या मातेला अन्नदात्री म्हणून भजतो. स्त्रीरूप दैवतापुढे नतमस्तक होणाऱ्या याच समाजात, पाड्यावर एखादे मूल दगावले वा गुरे मेली, की एका जिवंत स्त्रीला ‘डाकीण’ ठरविले जावे, ही विसंगती मन विषण्ण करणारी आहे.

भगताने नाव घेतले की निवाडा झाला! ज्या स्त्रीचे नाव घेतले जाते ती बहुधा विधवा, निपुत्रिक वा वृद्ध असते. कधी तिच्या वाट्याच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा असतो, कधी जुने वैर असते. मारहाण होते, गाव सोडावे लागते, प्रसंगी प्राणही जातो. पुढे जमीन कोणाच्या नांगराखाली गेली हे सर्वांना दिसते. परंतु त्याविषयी चकार शब्द निघत नाही. वेळेवर दवाखाना न गाठता आल्याची बापाची खंत, भाऊबंदांचा लोभ, शेजाऱ्यांचा भ्याडपणा हे सारे त्या एका नावाखाली गाडले जाते. डाकीण ही अशा रीतीने साऱ्या गावाच्या अपराधाची ओझेवाहू ठरते.

हा केवळ निरक्षरतेचा प्रश्न आहे, असे म्हणून शिक्षितांना हात झटकता येणार नाहीत. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये चेटुकीच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देणारा समाज बायबल वाचणारा, नित्य प्रार्थनेस जाणारा होता. त्याचे वेगळेपण नंतरच्या वर्तनात आहे. १६९७ मध्ये सॅम्युएल स्यूअल हा न्यायाधीश बोस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभा राहिला आणि त्याचा कबुलीजबाब सर्वांसमक्ष वाचला गेला. बारा ज्यूरर्सनीही लेखी क्षमा मागितली. १७११ मध्ये अनेक पीडितांना वा त्यांच्या वारसांना भरपाई मंजूर झाली. गेलेले जीव परत आले नाहीत. पण पाप कोणाचे, हे निश्चित झाले.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. कायदा आवश्यकच होता. परंतु तो आरोप करणाऱ्याला पकडू शकतो. पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्याला नव्हे. साक्षीला कोणी उभेच राहिले नाही, तर कलमे कागदावरच राहतात. पाड्यावरील शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्या कानांवर ही कुजबुज सर्वांआधी येते. त्यांचे मौनही या पापातील वाटेकरी आहे.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे. परंपरा जपणाऱ्यांनी तिच्यातील कलंक धुण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे. हाकलून दिलेल्या स्त्रीला ग्रामसभेने सन्मानाने परत बोलवावे, तिची जमीन तिच्या स्वाधीन करावी आणि ‘चूक आमची होती’ हे चारचौघांत मान्य करावे. मातेच्या दर्शनाला जाणाऱ्या वाटेवर तिच्याच एका लेकीचे ओस पडलेले घर लागत असेल, तर ती पूजा मातेपर्यंत पोहोचणार तरी कशी?