नोंदवहीतील दोन शब्द

या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांच्या यशाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले होते. यशाविषयी इतरांनी लिहिलेच आहे. आम्हांला लिहायचे आहे ते शिक्षकाच्या मनाविषयी. समोरचे मूल हुशार की ‘ढ’, हे ते मन पहिल्या आठवड्यातच ठरविते आणि मग वर्षभर त्याचेच पुरावे गोळा करीत बसते.

मनाच्या या व्यापाराचा धम्मात फार बारकाईने विचार झाला आहे. पाच स्कंधांपैकी संज्ञा म्हणजे खूण पटणे, ओळख लावणे. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात यासाठी नाण्यांच्या राशीचा दृष्टान्त दिला. अजाण मुलाला नाण्यांचा रंग आणि आकार तेवढा दिसतो. खेडुताला त्यांचे मोल कळते. सराफ मात्र नाणे पाहून, वाजवून, हातात तोलून खरे-खोटे सांगतो. पहिली संज्ञा, दुसरे विज्ञान, तिसरी प्रज्ञा.

मन संज्ञेपाशीच थांबले की काय होते, हे बाबासाहेबांनी बालपणीच भोगले. १९०१ साली वडिलांकडे जाताना ते घरातील मुलांसह मसूर स्टेशनावर उतरले. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणांची मुले समजून विचारपूस केली. ‘महार’ हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा पालटला. मुले तीच होती, कपडेही तेच होते.

हा प्रसंग आम्ही दरवर्षी वर्गात शिकवितो. तरीही काही वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातील एका कातकरी वाडीवरचा मुलगा सहावीत आला, तेव्हा आम्ही त्या स्टेशनमास्तराहून फारसे वेगळे वागलो नाही. त्याच्या घरी कातकरी बोली. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, म्हणून आधीची शाळा तुकड्यातुकड्यांनी झालेली. प्रश्न विचारला की तो खाली पाही. पहिल्या घटक चाचणीनंतर आम्ही नोंदवहीत लिहिले : ‘आकलन मंद’. त्यानंतर त्याला प्रश्न विचारणेच सोडले, हे आज कबूल केले पाहिजे.

जानेवारीत सहल कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांत गेली. चैत्यगृहाच्या दगडी दर्शनी भागात लाकूडकामाची कशी हुबेहूब नक्कल आहे, हे सांगण्यात आम्ही रंगलो होतो. तेथील ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याचे नाव आहे. शिष्यासाठी तेथे ‘अंतेवासी’ हा शब्द येतो. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा, आपल्या वसतिगृहातील मुलांसारखाच. वंदनेसाठी अगरबत्त्यांचा जुडगा पेटविणार, तोच त्या मुलाने आमचा हात धरला आणि वर बोट दाखविले. कमानीच्या वर कड्याला आग्या मोहोळ लटकले होते. त्याच कमानीकडे आम्ही अर्धा तास पाहत होतो! वारा कोणीकडचा आहे, मुलांनी कोणत्या बाजूने उतरावे, हे त्याने अडखळत, निम्मे आपल्या बोलीत सांगितले. सगळी मुले निमूट खाली आली. त्या घडीला सराफ कोण होता आणि अजाण मूल कोण?

कोणी म्हणेल, मध काढणाऱ्याच्या मुलाला मोहोळ दिसणारच, त्यात बुद्धी कसली? मग इतिहासाच्या शिक्षकाला शिलालेख दिसला, यात तरी कसली? सराव दोघांचाही, गुणपत्रिकेत जागा मात्र एकाच सरावाला. आणि ‘ही मुले रानातच हुशार’ म्हणणे हाही एक शिक्काच आहे. पुढे हजार विटांमागच्या मजुरीवरून आम्ही त्याला त्रैराशिक घातले. आमचा खडू फळ्यावर टेकण्याआधी त्याने तोंडी उत्तर दिले.

सातवीला तो आला नाही. जूनमध्ये वाडीवर जाऊन आलो. कुटुंब भट्टीवरून परतलेच नव्हते.

संस्थेला आमची सूचना आहे. नव्या मुलाची श्रेणी पहिल्या सत्रात लेखी चाचणीवरून ठरवू नये. कातकरी आणि ठाकरी बोली जाणणारे एक तरी माणूस वसतिगृहात नेमावे. त्याचा पगार माजी विद्यार्थ्यांनी उचलला तर उत्तमच. आणि आकलनाविषयी शेरा लिहिण्यापूर्वी मुलाला त्याच्या बोलीत विचारले होते का, हे शिक्षकाने त्याच पानावर, तारखेसह नोंदवावे.