उचंत खात्याचें शास्त्र

हिशेबाची वही ठेवणाऱ्या प्रत्येक गृहस्थास उचंत खातें ठाऊक असतें. एखाद्या रकमेचा पत्ता लागला नाहीं म्हणजे ती तात्पुरती तेथें टाकावयाची आणि शोध चालू ठेवावयाचा, हा त्याचा उपयोग. परंतु एखादा मुनीम जर म्हणूं लागला कीं, ज्या ज्या रकमेचा मेळ बसत नाहीं ती ती उचंत खात्यांत टाकून वही कायमची बंद करावी, आणि यालाच हिशेब म्हणावें, तर शेटजी त्यास दुसऱ्या दिवशीं दुकानाची पायरी चढूं देणार नाहींत. प्राणिमात्रांच्या उत्पत्तीविषयीं अमेरिकेंत 'बुद्धिपूर्वक रचना' या नांवानें जो वाद माजला, त्याचें मर्म आमच्या मतें एवढ्यांतच आहे.

या पक्षाचा युक्तिवाद जुना आहे व वरवर पाहतां मोठा मोहक आहे. १८०२ सालीं इंग्लंडांतील विल्यम पेले या धर्मोपदेशकानें असें प्रतिपादन केलें कीं, माळावर घड्याळ सांपडलें तर तें कोणी तरी घडविलें असलें पाहिजे हें आपण ओळखतों; मग घड्याळाहून नाजूक असा डोळा कर्त्यावांचून कसा झाला असेल? केंब्रिज येथें शिकत असतां डार्विनसाहेबांसही पेलेचें विवेचन फार आवडलें होतें. परंतु या दृष्टांतांत एक व्यंग आहे: घड्याळास पिलें होत नाहींत, प्राण्यांस होतात. पिलांपिलांत थोडा फरक असतो. जगण्यास उपयोगी असा फरक ज्यांच्या अंगीं असतो त्यांचा वंश अधिक टिकतो. आणि असे लहान लहान फरक लाखों वर्षें सांचत जाऊन नवे प्राणी उत्पन्न होतात. डार्विनसाहेबांनीं १८५९ सालीं पुराव्यांनिशीं मांडलें तें हेंच.

अलीकडे मायकेल बेही या जीवरसायनशास्त्रज्ञानें पेलेच्या युक्तिवादास नवा पोशाख चढविला. कित्येक जंतूंस पोहण्यासाठीं गरगर फिरणारी शेपटी असते. तिचा एक भाग काढला तरी ती बंद पडते, म्हणून ती हळूहळू बनलेली नसावी, असें त्यांचें म्हणणें. परंतु त्या शेपटीच्या कांहीं भागांशीं जुळणारी रचना दुसऱ्या जंतूंत विषारी द्रव्य टोंचण्याचें काम चोख बजावते. अर्धी शेपटी पोहण्यास निरुपयोगी असेल. पण ती सर्वथा निरुपयोगी असते हें कशावरून?

या वादाची खरी कसोटी न्यायालयांत लागली. २००४ सालीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील डोव्हर गांवच्या शाळामंडळानें ठराव केला कीं, नववीच्या मुलांस एक निवेदन वाचून दाखवावें: डार्विनच्या मतांत उणिवा आहेत, आणि बुद्धिपूर्वक रचनेविषयीं अमुक पुस्तक पाहण्यासाठीं ठेविलें आहे. शास्त्राच्या शिक्षकांनीं तें वाचण्याचें नाकारलें व अकरा पालकांनीं फिर्याद केली. खटल्यांत त्या पुस्तकाचे जुने खर्डे बाहेर आले. शाळांस 'सृष्टिरचनावाद' शिकविण्यास भाग पाडणारा एक कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं घटनाविरुद्ध ठरविला होता. त्यापूर्वींच्या खर्ड्यांत जेथें 'सृष्टिरचनावादी' होते, तेथें पुढील खर्ड्यांत 'रचनेचे पुरस्कर्ते' आले. एके ठिकाणीं तर जुन्या शब्दाचीं अक्षरें नव्या शब्दास दोन्ही बाजूंनीं तशींच चिकटून राहिलीं होतीं. पाटी बदलली, माल तोच! बेही यांसही साक्षींत कबूल करावें लागलें कीं, शास्त्रीय उपपत्तीची त्यांची व्याख्या घेतली तर फलज्योतिषही तींत बसेल. न्यायमूर्ति जॉन जोन्स यांनीं २० डिसेंबर २००५ रोजीं १३९ पृष्ठांचा निकाल दिला कीं, हें शास्त्र नव्हे. मंडळाच्या हट्टापायीं सुमारें दहा लक्ष डॉलरांचा भुर्दंड मात्र बसला.

याउलट खरें शास्त्र उचंत रकमेचा शोध कसा लावतें तें पाहा. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी व गोरिला यांच्या पेशींत २४. सर्वांचा पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कोठें? ती सबंध नाहींशी झाली असें म्हणवत नाहीं. तेव्हां दोन गुणसूत्रें सांधलीं जाऊन मनुष्याचें एक झालें असावें, व त्या सांध्याची खूण राहिली असावी. खूण न मिळती तर डार्विनचें मत अडचणींत येतें. १९९१ सालीं ती मिळाली: गुणसूत्रांच्या टोकांस असणारी विशिष्ट रचना मनुष्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या पोटांत, टोकास टोक लागलेली आढळली. वहींत दोन रकमा एकत्र खतावल्या गेल्या होत्या. डोव्हरच्या न्यायालयांत ही हकीकत सांगणारे केनेथ मिलर हे स्वतः श्रद्धावान कॅथलिक होत. तेव्हां हा झगडा ईश्वर आहे कीं नाहीं याविषयींचा नाहींच. अमुक गोष्ट आढळली तर आमचें मत चुकलें, असें जो आधीं सांगूं शकत नाहीं, त्यानें शास्त्राची गादी मागूं नये, एवढाच प्रश्न आहे.

'दोन्ही बाजू मुलांपुढें मांडा' हें वचन न्यायाचें वाटतें. तराजू समतोल असावा हें आम्हांसही मान्य; पण एका पारड्यांत माल आणि दुसऱ्यांत रिकामें पोतें असतां कांटा मध्यें धरून ठेवणें याला समतोल म्हणत नाहींत.

कोणी म्हणेल, परमुलखांतील भांडण आम्हांस कशाला? २०१८ सालच्या जानेवारींत, तेव्हांच्या औरंगाबादेंत, केंद्रसरकारच्या एका राज्यमंत्र्यांनीं सांगितलें कीं, माकडाचा माणूस झालेला आमच्या पूर्वजांनीं पाहिल्याचें कोठेंही नमूद नाहीं, सबब डार्विनचें मत चूक. देशांतील तिन्ही विज्ञान अकादमींनीं त्याचा निषेध केला. पुढें २०२३ सालीं राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकांतून, विद्यार्थ्यांचें ओझें कमी करण्याच्या सबबीवर, उत्क्रांतीचें प्रकरण वगळलें गेलें. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतरांनीं सह्या करून हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रांत तो विषय राहिला खरा. पण दहावीनंतर व्यापाराकडे वळणाऱ्या किंवा शाळा सोडणाऱ्या मुलाचें काय? आणि मत्स्य, कूर्म, वराह यांतच सर्व उत्क्रांति आली असें म्हणून समाधान मानणाऱ्यांसही आमचें सांगणें आहे कीं, पुराणांस शास्त्राच्या शिक्क्याची गरज नाहीं, व शास्त्रास पुराणांच्या.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचीं मुलें शाळेंत आहेत. त्यांच्या पुस्तकांत काय आहे हें जसें पाहावें, तसें काय गाळलें आहे हेंही पाहावें. दुकानाच्या वहींतील एक पान फाटलेलें दिसतांच जो गृहस्थ मुनीमास जाब विचारतो, त्यानें मुलाच्या पुस्तकांतील फाटलेल्या पानाविषयीं मुकाट बसूं नये.